शनिवारचं पोतं

शनिवारी मी पोतं घेऊन निघते.
आमच्या मिझो डोंगरात घरं उतारावर टांगलेली,
एकाचं छप्पर दुसऱ्याच्या उंबऱ्याला लागतं.
एक दार वाजवायला खाली उतरायचं,
पुढच्यासाठी पुन्हा वर.

प्रत्येक चुलीपाशी एक डबा असतो.
तांदूळ आधणात सोडण्याआधी
बाई एक मूठ काढते, डब्यात टाकते.
सकाळी एक, संध्याकाळी एक,
आठवड्याच्या चौदा मुठी चर्चच्या.
कुणी मोजत नाही.
मी वहीत नाव लिहिते,
नावापुढे बरोबरची खूण.

यंदा सिल्चरकडचा रस्ता खचला.
अकरा दिवस ट्रक नाही.
दुकानाच्या फळ्या लावता लावता ह्मिंगथाना म्हणाला,
मीठ आहे, मेणबत्त्या आहेत, बाकी काही विचारू नका.
लोक इस्कूट उकडून खाऊ लागले,
डुकरांच्या वाट्याचं सुद्धा.

त्या आठवड्यात मीही मूठ काढली.
खरं सांगते,
बोटं सैल धरली.
फटींतून दाणे परत पातेल्यात गळले
आणि मी डोळे मिटून प्रार्थना म्हणत राहिले,
म्हणजे मलाच दिसायला नको.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
माझ्या मुठीत वीसेक दाणे असतील.

सगळ्यात खालचं घर पि दारथुआमीचं.
तिचा डबा त्या शनिवारीही जड.
ती दोन मुठी काढते, एक स्वतःची
आणि एक रोसियामाची.
तो चेन्नईत हॉटेलच्या भटारखान्यात आहे,
सात महिने फोन नाही.
"दिवसभर दुसऱ्यांचा भात शिजवतो पोरगा,
त्याची मूठ कोण काढणार?"
नाताळला येईन असा शब्द दिला होता ना त्यानं,
मी उगाच बोलून गेले.
ती पोतं धरून उभी होती.
"त्याचा शब्द त्याच्यापाशी.
मी ज्याच्या शब्दावर दिवस काढते
तो आजवर चुकलेला नाही.
उशीर करतो कधीकधी."

बाराव्या दिवशी वडीलजनांनी ठरवलं,
चर्चचं पोतं सोडायचं,
ज्यांची चूल थंड त्यांना आधी.
यादीत पहिलं नाव तिचं.
चार मापं तांदूळ घेऊन मी तिच्या पायऱ्या उतरले,
देणारीच कानकोंडी झालेली.

तिनं पातेलं पुढे ओढलं, तांदूळ ओतले,
आधण ठेवलं,
आणि हात पातेल्यात गेला.
एक मूठ डब्यात.
थांबली. दुसरी मूठ डब्यात.

अहो पि, हे चर्चचेच तांदूळ!
तिकडूनच तर आणलेत!

"मग?" ती म्हणाली.
"फुंक जरा, धूर होतोय."

मी फुंकत बसले. डोळ्यांत पाणी आलं,
ते धुराचं होतं असं तिला वाटलं असेल.
जेवताना तिनं आभार मानले,
थोडक्यात, भात निवण्याआधी,
भातासाठी, मिठासाठी,
खाली दरीशी दरड उपसणाऱ्या
पोरांच्या पाठींसाठी.
मला आजवर वाटायचं, देवाचा महिमा म्हणजे
रविवार, ढोल, गायनमंडळात शेवटच्या ओळीला
चढणारा आवाज.
इथे तर वाटीला चिकटलेली शितं
ती बोटानं निपटून खात होती
आणि खोलीत तेवढाच आवाज होता.

रात्री घरी आले. चूल पेटवली.
मूठ भरली, बोटं घट्ट.
तळहात ओला होता, दाणे चिकटून राहिले.
ते पातेल्यात झटकले नाहीत,
डब्याच्या काठावर हात घासला.

मग वही उघडली.
गेल्या शनिवारी माझ्या नावापुढे
मीच केलेली बरोबरची खूण.
खोडरबर सापडेना.
पेनानंच खोडली,
कागद थोडा फाटला.

रस्ता अजून बंद आहे.
उद्या सकाळची मूठ आहे.